चार दहाची गंगापूर

आभार मानायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. गंगापूर तालुक्यातलं शेतकरी घर. माझा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा, पण वडिलांची जीभ जुन्या राजवटीतच घडलेली. तहसिलात काम झालं की ते हात कपाळाला लावून 'मेहेरबानी' म्हणायचे आणि घरी येऊन आम्हाला बजावायचे, की मेहेरबानी परक्याची असते, आपल्या माणसाला असं म्हटलं तर तो दुखावतो. आई शेजारणीकडून विरजण आणायची आणि भांडं परत देताना त्यात मूठभर शेंगदाणे नाहीतर दोन लिंबं घालून द्यायची. तोंडानं एक अक्षर बोलायची नाही. मीही तशीच झाले. सव्वीस वर्षं औरंगाबादच्या एस.टी. स्टँडवर माइकपुढं बसून मी दिवसातून शेकडो वेळा 'कृपया' आणि 'दिलगीर आहोत' म्हटलं, पण ते पगारातलं बोलणं होतं. माझ्या माणसांनी माझी बोलणीच खाल्ली.

आणि मग एका शनिवारी कळलं, की माझ्याकडं आता नऊ दिवसांपुरताच आवाज आहे.

डॉक्टर तरुण होता. गोलगोल बोलायला अजून शिकला नव्हता. स्वरयंत्रावर गाठ आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही, गळ्याला भोक ठेवावं लागेल आणि श्वास तिथून घ्यायचा, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी ऑपरेशन. तोवर शक्य तितकं कमी बोला, सूज आली तर श्वास कोंडेल. मी विचारलं, आधी आले असते तर? तो म्हणाला, सात-आठ महिन्यांपूर्वी आला असता तर बहुतेक किरणांच्या शेकावर भागलं असतं. आवाज राहिला असता. नवरा बाहेर बाकावर फाईल घेऊन बसला होता. त्याला मी हे शेवटचं वाक्य सांगितलं नाही. स्टँडवर मात्र सोमवारी जाऊन सांगितलं, आणि ज्यांना सांगायचं नव्हतं नेमकं त्यांनाच सांगितलं.

ते दोघं कोण, ते सांगते. एक आमचे कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लावायची, कुठली फेरी रद्द करायची, हे त्यांनी ठरवायचं, पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून माझ्याकडं सरकवायचं आणि मी ते माइकवर सांगायचं. त्यांना मी भाई म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही एकोणीस वर्षं बसलो आणि पंख्यावरून रोज भांडलो. त्यांना पंखा जोरात लागायचा, माझे कागद उडायचे. दुसरी आमच्याच खोलीतल्या चौकशीच्या खिडकीवरची बाई, तिशीची, दोन लेकरांची आई, औरंगपुऱ्यातून लूनावर यायची. काम तिला मीच शिकवलं, म्हणजे बोलून बोलून रडवलं आणि मग शिकवलं. ती मला ताई म्हणायची.

दसऱ्याच्या सुमाराला माझा आवाज बसला तो उठेचना. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. दिवाळीनंतर तर 'फलाट' म्हणताना 'फ' निघायचा आणि 'लाट' घशातच राहायचं. भाईंनी दोनदा म्हटलं, बाई, दवाखान्यात दाखवा. दुसऱ्या वेळी मी त्यांना म्हटलं, माझ्या गळ्याचं मी बघीन, तुम्ही तुमचे फलाट बघा. माझा मामा ह्याच दुखण्यानं गेला होता. दुखण्याचं नाव मला माहीत होतं, म्हणूनच ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. लोकांना मी सांगायची, की मुलीची बारावी आहे, परीक्षा होऊ द्या. परीक्षा झाली तेव्हा सांगायला लागले, की उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी आहे, ती ओसरू द्या. कारणांना माझ्याकडं कधी तोटा नव्हता.

अडचण एकच होती. वरच्या मजल्यावर आमचे साहेब बसायचे आणि त्यांच्या खिडकीशेजारीच भोंगा होता. आवाज गेलाय हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी मला तपासणीला पाठवलं असतं. म्हणून मी त्या दोघांपुढं हात जोडले. म्हणजे खरं तर हात जोडले नाहीत, दम दिला. साहेबाला कळलं तर तुमचं-माझं संपलं, असं म्हटलं. खिडकीवरच्या बाईनं माझा आवाज उचलला. मी गावाचं नाव कसं लांबवते, फलाटाच्या आकड्याआधी कशी क्षणभर थांबते, 'कृपया'तला 'कृ' कसा जड करते, सगळं. आठ दिवसांत ती माझ्यापेक्षा जास्त मी झाली. भाई दाराकडं तोंड करून बसायचे. साहेब जिन्यावर दिसले की टेबलावर पेन्सिल वाजवायचे, मग ती माइक माझ्यापुढं सरकवून टेबलाआड वाकून बोलायची आणि मी ओठ हलवायची. एकदा साहेब आत येऊन म्हणाले, बाई, तुमचा आवाज अगदी खणखणीत आहे अजून. मी मान तिरकी करून हसले. साहेब गेल्यावर आम्ही तिघंही पोट धरून हसलो, आणि हसता हसता मला असा खोकला आला की भाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. असे आठ महिने गेले.

आता डॉक्टरनं सांगितलेले आकडे तुमच्या लक्षात आले असतील. ते भाईंच्याही लक्षात आले. सोमवारी स्टँडवर जाऊन मी, मूर्ख बाई, जसंच्या तसं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी आले असते तर आवाज वाचला असता म्हणतात. मला रडायचं होतं आणि रडता येत नव्हतं, म्हणून तसं फाडकन बोलून टाकलं. खिडकीवरची बाई मला मिठी मारून रडायला लागली. भाई उठले आणि पंखा बंद केला. मग बाहेर गेले ते त्या दिवशी आत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाचं काम दुसऱ्याला देऊन स्वतः फलाटावरची ड्यूटी मागून घेतली. साठीला टेकलेला, गुडघे गेलेला माणूस जूनच्या उकाड्यात दिवसभर उन्हात शिट्टी घेऊन उभा राहायला लागला.

मला राग आला होता हे मी लपवत नाही. माझा स्वतःचा तर आलाच होता, पण भाईंचाही आला होता. एवढी वर्षं शेजारी बसलेल्या माणसानं माझं ऐकायला नको होतं, असं रात्रंदिवस वाटायचं. मी दम दिला म्हणून काय झालं? मी दम कुणाला देत नव्हते? आणि तोच माणूस फलाट क्रमांक सातच्या खांबापाशी मान खाली घालून उभा दिसला, की तो राग माझ्याच्यानं धरवायचा नाही. त्याला हे ओझं जन्मभर वाहायला लागलं तर माझी गाठ कापूनही काही उपयोग नव्हता. मला त्याला सांगायचं होतं, की भाई, तुम्ही माझ्यासाठी केलं, मी विसरणार नाही. हे माझ्या आवाजात सांगायचं होतं. चिठ्ठी लिहून दिली असती तर त्यांना वाटलं असतं, की आवाज गेला म्हणून लिहून देते आहे, आणि चिठ्ठीनं उलट जास्त मारलं असतं.

म्हणून मी आवाज राखायला लागले. पुंडलिकनगरच्या घरात मी चार दिवस एक शब्द बोलले नाही. मुलीच्या जुन्या वहीवर लिहायची. भाजीवाल्याशी घासाघीस करताना नवरा मी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचा, 'ही कसली मेथी, वाळवण आणलंय काय', आणि स्वतःच ओशाळायचा. शेजारणी दारात येऊन जीव तोडून धीर द्यायच्या. त्यांना गप्प करायला मला बोलता येत नव्हतं, हे वेगळेच हाल. मधल्या काळात दोनदा स्टँडवर जाऊन आले. मला बघितलं की भाई एखाद्या गाडीच्या मागं जायचे. धावून गाठावं तर मला चार पावलांतच धाप लागायची. डोक्यात मी तीन वाक्यं तयार केली होती, आणि ती मनातल्या मनात घोकता घोकता मला भीती वाटायची, की घोकण्यानंसुद्धा आवाज खर्च होत असेल.

निरोपाचा कार्यक्रम ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी होता. साहेबांनी मला भांडारात हलकं काम देऊ केलं होतं. ते मी नाकारलं. टायरच्या ढिगात बसून दुसरीचं बोलणं भोंग्यावर ऐकणं मला जमलं नसतं. राजीनामा दिला आणि मोकळी झाले, असं लिहायला सोपं आहे. कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. आमच्यात प्रत्येकाला घड्याळच देतात. जन्मभर मिनिटांच्या मागं धावलेल्या माणसाला जाताना घड्याळ देऊन काय साधतात, ते देणाऱ्यालाच ठाऊक. साहेबांनी माझ्या आवाजावर भाषण केलं. माझ्या आवाजामुळं प्रवाशांना धीर वाटायचा म्हणाले, अलीकडच्या महिन्यांत तर तो अधिकच गोड झाला होता म्हणाले. खिडकीवरच्या बाईनं पदर तोंडाला लावला. तिचे आभार मी तेव्हाच मानले, सगळ्यांदेखत तिला जवळ घेतलं आणि कानात म्हटलं, पोरी, लई केलंस माझ्यासाठी. ती लहान होती. तिला रडता येत होतं आणि रडून ती मोकळी झाली. भाई खोलीत नव्हते. निरोप पाठवला तर उत्तर आलं, की फलाट सोडता येत नाही.

चहा झाला, माणसं पांगली. मी तशीच शाल खांद्यावर घेऊन आमच्या खोलीत आले. तिथं अजून कुणी परतलं नव्हतं. खिडकीतून भाई दिसत होते, पाठमोरे. तेवढ्यात मला सुचलं. माझा जो काही फाटका, श्वासाएवढा आवाज उरला होता तो त्यांच्यापर्यंत पोचवू शकेल अशी एकच वस्तू त्या स्टँडवर होती आणि ती माझ्या पुढ्यात होती. गाडीच्या मागं जाऊन माणसापासून लपता येतं, भोंग्यापासून नाही. सगळ्या स्टँडदेखत आभार मानायचे ठरवले मी. साहेबानं ऐकलं तर ऐकलं. आता ते मला कुठं पाठवणार होते?

माझ्या खुर्चीत मी आठ महिन्यांनी माइक स्वतःकडं ओढला. बटण दाबलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर गेली, चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि तोंडातून निघालं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गंगापूरला जाणारी बस फलाट क्रमांक पाचवर उभी आहे."

मी आजही सांगू शकत नाही हे कसं झालं. चार दिवस राखलेला आवाज, घोकलेली तीन वाक्यं, आणि बाहेर आली ती चार दहाची गंगापूर. सव्वीस वर्षं त्या वेळेला ती गाडी लागायची, माझ्याच गावाकडची. जीभ आपोआप वळली. आणि ती फेरी चार महिन्यांपूर्वी बंद झाली होती. माइकवर बसत नसल्यामुळं माझ्या जिभेला त्याचा पत्ताच नव्हता.

बाहेर माणसं उठली. बोचकी, पिशव्या, काखेत लेकरं घेऊन बाया पाचवर धावल्या. पाचवर पैठणची गाडी होती. तिच्या दाराशी एकच रेटारेटी झाली आणि कंडक्टर ओरडायला लागला. मी बटणावर बोट ठेवून बसून होते. दुरुस्ती करायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. आवाज संपला होता. मला हुंदका फुटला, तोही बिनआवाजी. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी इतकी हतबल कधी झाले नव्हते, डॉक्टरसमोरसुद्धा नाही.

चुकीची सूचना गेली की ती निस्तरायला कंट्रोलरनं यायचं असतं. भाई त्या सवयीनं आले, दार ढकलून, तापलेले. "कोन बोल्या ये गंगापूर?" म्हणाले, आणि मला बघून तिथंच थांबले. मग पुढं होऊन त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, गंगापूरची सूचना चुकीची असल्याचं, पाचवर पैठणची गाडी असल्याचं शांतपणे दोनदा सांगितलं आणि दिलगीर आहोत म्हणून बटण बंद केलं. बंद केल्यावरही त्यांचा हात बटणावरच राहिला.

मी छातीवर हात ठेवून श्वास गोळा केला. "भाई, आभार," एवढंच कसंबसं निघालं.

"आभार नका मानू, बाई," ते म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते. "मी त्याच दिवशी साहेबाला सांगायला पाहिजे होतं. तुम्ही शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या. पन आवाज ऱ्हायला असता ना. आता शिव्या द्या, जितक्या देता येतील तितक्या. मी हितंच उभा हाय."

शिव्या होत्या माझ्याकडं. खरंच होत्या. आठवडाभर त्या मी गिळत होते. का ऐकलं माझं, हे एकदा तरी ओरडून विचारायचं होतं आणि ऐकणारा समोर मान खाली घालून उभा होता. मी त्यांच्या पायांकडं बघितलं. दिवसभर उभं राहून पाय सुजले होते आणि चपलेचा पट्टा मागं मोडलेला होता. टेबलाला धरून मी उभी राहिले, त्यांच्या अगदी जवळ गेले, कारण आता दोन हातांपलीकडं काही ऐकू गेलं नसतं.

"ते आठ महिने मला पाहिजे होते, भाई," मी म्हटलं. मधे थांबून पुन्हा श्वास घेतला. "घरी बसून मी आधीच मेले असते. तुम्ही दिले ते."

त्यांनी वर बघितलं. "सच्ची, बाई?"

"व्हय."

भाई खुर्चीत बसले, माझ्या खुर्चीत. बाहीनं तोंड पुसलं. पैठणची वेळ झाली तसे उठले. जाताना त्यांनी पंखा लावला आणि माझे कागद उडाले.

मी खोटं बोलले होते. ते महिने मला नको होते. ते परत देऊन आवाज मिळाला असता तर मी आठ महिने काय, आठ वर्षं दिली असती. चोरून ओठ हलवत काढलेल्या त्या दिवसांत असं होतं तरी काय? माझ्या आवाजात भाईंशी बोललेलं शेवटचं वाक्य मी खोटं बोलले, आणि ते बोलताना मला त्यांचा रागही येत होता आणि माझा जीवही तुटत होता. सोमवारी सकाळी मला आत नेलं.

भाई त्यानंतर फलाटावरून आपल्या टेबलावर गेले. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांतून एकदा आमच्याकडं यायचे, कुठली फेरी नवी निघाली, कुठली बंद पडली ते सांगायचे. घरात कुणी पाहुणा असला की त्याला माझी हकिकत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, लोक म्हणतात आम्ही चूक केली, पन बाईंना ते आठ महिने पाहिजे होते, विचारा त्यांना. मग सगळे माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायची. दर वेळी. माझ्या मुलीला खरं काय ते कळलेलं असावं. ती तेव्हा उठून चहाला जायची.

भाई गेले त्याला आता दोन वर्षं होतील, म्हणून हे लिहिते आहे. त्यांच्या घरी भेटायला गेले तर त्यांची बायको माझा हात धरून बसली. ती म्हणाली, त्या आठवड्यात ते जेवत नव्हते, भिंतीकडं तोंड करून पडायचे. मग एक दिवस स्टँडवरून आले, हातपाय धुतले, ताट मागितलं आणि म्हणाले, बाईंनी मला सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, तुम्हाला पाहिजेच होते ना ते महिने? आता तो माणूस नव्हता. खरं लिहून द्यायला पर्समध्ये वही होती, पेन होतं.

मी मान हलवली.